स्पर्शाला उशीर चालत नाही

आमच्या लॅबमध्ये टेबलावर एक छोटा यांत्रिक हात आहे, त्याच्या टोकाला पेन. पेन हलवलं की स्क्रीनवरचा ठिपका हलतो. ठिपका भिंतीला टेकला की पेन आपल्यालाच मागे ढकलतं. भिंत टणक वाटावी म्हणून संगणक हे गणित सेकंदाला साधारण १००० वेळा करतो. सिनेमाचं २४ चित्रांत भागतं. डोळे तसे भोळेच.

एकदा सरांनी मुद्दाम मध्ये उशीर घातला, डोळ्यांना जाणवणारही नाही एवढा. भिंत थडथडायला लागली. विरोध पोचेपर्यंत माझा हात खोल गेलेला, म्हणून धक्का जास्त. हात बाहेर फेकला गेला तरी जुना धक्का चालूच. मग सरांनी प्रोग्रॅममध्ये ब्रेक लावला. थडथड थांबली, पण भिंतीची कणीक झाली.

२००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीत एकाने आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दुसऱ्याने अशीच यंत्रं धरून, वेगवान इंटरनेटवरून एक आभासी ठोकळा दोन बाजूंनी दाबत मिळून उचलला. मला तो प्रयोग अजून भारी वाटतो. पण ‘नेट फास्ट झालं की सगळं होईल’ हे खरं नाही. फास्ट म्हणजे आपण जास्त डेटा समजतो, इथे प्रश्न लवकर पोचण्याचा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. पुण्याहून सांगलीला जाऊन परत यायचं तर दोन मिलिसेकंद नुसत्या अंतराचेच. कुठलंही रिचार्ज मारा.

सांगली मनात येते कारण तिथे आजी आहे. व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, “तुमच्या त्या मशिनीतनं हात लागंल का गं?”

तिच्या तळव्याची खरखर पाठवता येईल. खरखर म्हणजे बारीक कंपनं. ती आवाजासारखी रेकॉर्ड करून एकाच दिशेने धाडता येतात, थोडी उशिरा पोचली तरी खरखरच राहतात. पकड तशी पाठवता येत नाही. मी दाबलं की तिने दाबायचं, तिने ओढलं की मी सावरायचं. तिथे जाणं-येणं दोन्ही लागतं.

मी म्हटलं, “लागेल, पण मऊ लागेल.”

“माझा हात? मऊ?” आजी किती तरी वेळ हसत होती.

गेल्या महिन्यापासून तिला उठताना कुणाचा तरी दंड लागतो. ती तो किती घट्ट धरते, हे आई मला फोनवर सांगते.