अम्मींना कुणी विचारलं?

गेल्या पावसाळ्यात फजरच्या वजूसाठी उठलेल्या अम्मी न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वय बहात्तर, पंधरा वर्षांची शुगर, वर बीपी. कोल्हापुरातल्याच एका खासगी इस्पितळात दाखल केलं. दुपारी सर्जनसाहेब राउंडला आले, एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला आणि भाईजानना दाराबाहेर बोलावलं. मी मागोमाग गेले.

"बॉल बदलावा लागेल. पण वय, शुगर बघता हाय रिस्क आहे. पाच-सहा टक्के मॉर्टॅलिटी धरा. टेबलवरही काही होऊ शकतं. कन्सेंटवर सही करून ठेवा."

एवढं बोलून ते पुढच्या खोलीत गेले. दोन मिनिटंही झाली नसतील. हातात आलेला फॉर्म तीन पानांचा, सगळा इंग्रजीत. भाईजानचं उद्यमनगरात गॅरेज आहे. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगतील, पण तो फॉर्म त्यांनी उलटसुलट केला आणि मला विचारलं, "मॉर्टॅलिटी बोले तो मरनाच ना?"

संध्याकाळी घरी मामू, चाचा, भाभी सगळे जमले. या वयात चिरफाड कशाला, असं एकाने म्हटलं. दुसऱ्याला एक हाडवैद्य ठाऊक होते. सकाळी डिस्चार्ज घ्यायचा असं ठरत आलं. मला वाटतं त्यात कुणाचीच चूक नव्हती. ऑपरेशन केलं तर जिवाला धोका, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. नाही केलं तर काय, हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. मग ऑपरेशन न करणं म्हणजे धोका न पत्करणं, असं कुणालाही वाटणारच.

मी मुलांना शेकडेवारी शिकवते. उर्दूत आपण 'फीसद' म्हणतो, म्हणजे दर शंभराला. जुन्या मराठीत 'शेकडा पाच' म्हणत. दोन्ही शब्दांत ते शंभर डोळ्यांसमोर उभे राहतात. 'पाच टक्के'मध्ये ते दिसत नाहीत, आणि 'मॉर्टॅलिटी' जोडली की फक्त जनाजा दिसतो. माणूस शिकलेला नसला की असं होतं, असंही नाही. १९८२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या उपचारांची तीच माहिती दोन तऱ्हांनी लोकांपुढे ठेवली होती. शंभरातले नव्वद ऑपरेशनमधून वाचतात असं सांगितलं, तेव्हा जास्त लोकांनी ऑपरेशन निवडलं. शंभरातले दहा दगावतात म्हटल्यावर कमी लोकांनी. ज्यांना विचारलं त्यांत डॉक्टरही होते, आणि तेही तसेच हलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डिस्चार्जचं बोलत असताना भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. तरुण होत्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि अम्मींच्या उशाशी बसल्या. "आजी, तुमच्यासारख्या शंभर जणांचं हे ऑपरेशन केलं, तर महिनाभरानंतर चौऱ्याण्णव-पंच्याण्णव जण असतात. पाच-सहा जण नसतात. पण न करता पलंगावर पडून राहिलात, तर छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. हाड तिथं आपोआप नीट जुळत नाही, म्हणजे चालणं बहुधा गेलंच. वाट बघण्यातही धोका आहे." नंतर मी वाचलं, ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत हे ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावं असं म्हटलं आहे. आमचा एक दिवस मामू-चाचांच्या बैठकीत गेला होता.

डॉक्टर गेल्यावर अम्मींनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या रात्री त्यांनी मला विचारलं होतं, डॉक्टर काय म्हणाले म्हणून. मी म्हटलं होतं, "कुछ नहीं अम्मी, छोटासा फ्रॅक्चर है." आता त्या म्हणाल्या, "मरना-जीना अल्लाह के हाथ. पन तुम लोगां मेरेकू कायको नै बोले?"

मला उत्तर देता आलं नाही. सर्जनसाहेबांवर मी रात्रभर चिडले होते. त्यांनी निदान काहीतरी सांगितलं होतं, जरी दाराबाहेर आणि भाईजानना. मी तर अम्मींच्या हाताला हात लावून खोटं बोलले होते. घाबरतील म्हणून, असं आपण सगळेच म्हणतो. घाबरलो होतो आम्ही.

सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा एक निकाल आहे. दिल्लीत तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय डॉक्टरांनी काढून टाकलं. संमती घेतली ती बाहेर बसलेल्या आईची. न्यायालयाने सांगितलं, रुग्ण सज्ञान आणि समजत्या स्थितीत असेल, आणि जिवाची तातडी नसेल, तर संमती तिचीच हवी. डॉक्टरांनी काय सांगायचं, तेही त्यात आहे. उपचार काय, कशासाठी, दुसरा मार्ग आहे का, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल. क्वचित घडणारा प्रत्येक धोका सांगत बसायची सक्ती न्यायालयाने केली नाही, आणि ते मला पटतं. वीस धोक्यांची यादी ऐकून कुणाला काय ठरवता येणार? पण ते शेवटचं, नाकारलं तर काय, तेच आमच्या फॉर्मभर कुठं सापडलं नाही.

अम्मी म्हणाल्या, करू या. सही त्यांनीच केली, उर्दूत, फॉर्मवरच्या रेघेच्या उजव्या टोकापासून. नर्सने विचारलं, हे काय लिहिलंय? मग खाली मी मराठीत त्यांचं नाव लिहिलं आणि साक्षीदार म्हणून माझं.

अल्लाहच्या कृपेने ऑपरेशन नीट झालं. अम्मी आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात, नमाज खुर्चीवर पढतात. न्हाणीत भाईजाननी दोन दांडे बसवलेत.

परवा डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं निघालं. डॉक्टर मला सांगू लागले, तोच अम्मींनी मध्येच विचारलं, "नाही केलं तर काय होतं?" डॉक्टर थांबले आणि उत्तरही माझ्याकडे बघूनच देऊ लागले. मी म्हटलं, "साहेब, त्यांना सांगा. त्यांना मराठी येतं."