आगबोटीवरील हिशेब

आगबोटींच्या सफरींचीं वर्णनें हल्लीं घरोघर ऐकूं येतात. सूर्यास्त, भोजनगृहें, पोहण्याचे हौद, सर्व कांहीं त्यांत असतें. पैशाची गोष्ट मात्र कोणी काढीत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबांतील नऊ माणसें, सिंगापुराहून निघून पिनांग व फुकेत पाहून परत येणाऱ्या चार रात्रींच्या सफरीस गेलीं. तेथें जें पाहिलें त्यावरून, हा विषय घर सोडण्यापूर्वींच समजून घेण्यासारखा आहे असें आम्हांस वाटतें.

बोटीवर रोख पैशाचा व्यवहार जवळजवळ नाहींच. चढतांना प्रत्येकाच्या हातीं एक कार्ड देतात. तेंच खोलीची किल्ली, तेंच ओळखपत्र आणि तीच थैली. सरबत घेतलें, छायाचित्र काढविलें, कीं कार्ड टेकवावें. रक्कम खात्यावर चढते आणि शेवटच्या दिवशीं आपल्या बँकेच्या कार्डावरून वसूल होते. खिसा हलका होत नाहीं, म्हणून मनासही कांहीं लागत नाहीं.

एकत्र कुटुंबांत याला आणखी एक धार असते. नऊजणांचीं कार्डें थोरले बंधू दादा यांच्या एकाच खात्यास जोडलेलीं होतीं. परिणाम असा झाला कीं मुलें निःशंकपणें आइस्क्रीमच्या दुकानीं जात, घरांतल्या सुना कॉफीच्या दुकानावरून नुसत्या पुढें जात, आणि माई तर पहिल्या रात्रीं तहानलेल्याच निजल्या. त्यांच्या खोलींत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. बाटलीच्या गळ्यांत किमतीची चिठ्ठी होती. “दादाच्या नांवावर कशाला आणखी?” असें त्या सकाळीं म्हणाल्या. मोठ्या भोजनगृहांत पाणी, चहा व साधी कॉफी तिकिटांतच धरलेली असते, हें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. ज्यांच्यासाठीं सफर काढली त्यांनींच मन मारून राहावें, ही गोष्ट कोणत्याही रकमेपेक्षां मोठी आहे.

ही हकीकत कळतांच दादा बोटीवरील कचेरींत गेले. प्रत्येक जोडप्याचें खातें वेगळें, माईंचें समाईक निधींतून, आणि मुलांच्या कार्डांवर खर्चाची मनाई, अशी वांटणी तेथें थोड्याच वेळांत करून मिळाली. त्यानंतर दुपारचें सरबत माई स्वतः मागवूं लागल्या.

तिकिटांत न दिसणारा सर्वांत मोठा खर्च नोकरांच्या बक्षिसीचा. अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर ती ऐच्छिक नसल्यासारखीच, माणशीं रोज ठराविक रकमेनें, खात्यावर आपोआप पडते. दर डोई १८ डॉलर धरले तर नऊ माणसांचे चार रात्रींचे ६४८ डॉलर होतात; डॉलर ९० रुपयांस धरल्यास ५८,३२० रुपये! पेयांवर सेवाशुल्क पुन्हां निराळें. आम्हांला ही पद्धत फारशी रुचत नाहीं. पण रात्रंदिवस राबणाऱ्या माणसांचें उत्पन्न तीवर अवलंबून असल्यानें, ती रक्कम आधींच अंदाजपत्रकांत धरावी हें बरें.

आतां चलनाकडे वळूं. बोट सिंगापुराहून निघते, तरी तिच्यावरचा हिशेब अमेरिकन डॉलरांत. धक्क्यावर सिंगापूरचा डॉलर, पिनांगला रिंगिट, फुकेतला बाथ. आपला रुपया मात्र कुठेंच नाहीं. एके काळीं आखातांत तो सर्रास चालत असे. १९५९ सालीं आपल्या रिझर्व्ह बँकेनें तिकडच्यासाठीं निराळ्या नोटाही काढल्या होत्या, आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर तेथील उरलेलीं संस्थानेंही त्यापासून दूर झालीं. असो.

परदेशीं दुकानदार मोठ्या अगत्यानें विचारतो, “रुपयांत घेऊं कां?” नाहीं म्हणावें. रुपयांचा भाव त्याच्या बाजूनें ठरविलेला असतो, आणि शिवाय कित्येक बँका अशा व्यवहारावरही आकार लावतात. कांहीं बोटींवरही असाच पर्याय पुढें करतात. तेथील चलनांत दिलें तरी आपली बँक बहुधा साडेतीन टक्क्यांपर्यंत घेते, त्या आकारावर १८ टक्के जी.एस.टी.; म्हणजे शंभर रुपयांमागें ४ रुपये १३ पैसे. डॉलर भरलेलें आगाऊ कार्ड बोटीवर सोयीचें, पण तेंच पिनांगला वापरल्यास डॉलरांतून रिंगिट करण्याचा आकार निराळा बसतो. शिवाय बोटवाले खात्यापोटीं कांहीं रक्कम अडकवून ठेवतात, ती सुटण्यास सफर संपल्यावरही कांहीं दिवस जातात. यासाठीं खात्यास क्रेडिट कार्ड जोडावें आणि आगाऊ भरलेलें कार्ड हाताशीं मोकळें ठेवावें.

खोलींतील दूरचित्रवाणीवर आपलें खातें रोज पाहतां येतें. आमच्या धाकट्या वहिनी रोज रात्रीं तें वहींत उतरून घेत. तिसऱ्या रात्रीं दुसऱ्याच कोणाच्या जेवणाचा आकार आमच्या नांवावर सांपडला. कचेरींत दाखवितांच तो खोडला गेला. घरीं परतल्यावर हेंच काम पत्रव्यवहारानें किती दिवस चाललें असतें, कोण जाणे.

सराफ नोटा बदलून देतो, नाणीं घेत नाहीं. म्हणून फुकेतला बोटीवर परतण्यापूर्वीं उरलेलीं बाथचीं नाणीं मुलांनीं एकत्र केलीं, आणि त्यांचीं किनाऱ्यावर शहाळीं घेतलीं.