निळा दिवा आणि माझी दाढ

मैत्रिणींनो, दाढ दुखायला लागली की तुम्ही काय करता? मी सांगते. लवंग धरता, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करता आणि "मुलांच्या परीक्षा संपू देत, मग बघू" म्हणता. मीही तेच केलं. शेवटी दवाखान्यात गेले तेव्हा दाढेत चांगला खोल खड्डा पडला होता.

"चांदी नको, दाताच्या रंगाचं भरा," असं मीच सांगितलं. तासाला मुलींसमोर तोंड उघडलं की काळं दिसायला नको ना! डॉक्टर घाईत होते. त्यांनी लगदा एकदमच दाबून भरला, निळ्या उजेडाचा दिवा तोंडात धरला, आणि मी सावरून बसेपर्यंत काम संपलंसुद्धा. पैसे मात्र चांदीपेक्षा बरेच जास्त. ते माझ्या अर्ध्या वेळच्या पगारातून दिले.

तीनच महिन्यांत गार पाण्याची कळ मस्तकात जाऊ लागली. घरात सगळ्यांचं एकमत झालं की, मीच काहीतरी टणक चावलं असणार. मलाही ते पटलं, बरं का! रूट कॅनाल करावं लागलं तर पैसे कुठून आणायचे, ह्या काळजीनं झोप उडाली ती वेगळीच.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते भरण उकरलं. वरून टणक, तळाशी मऊसर. नशिबानं कीड मुळापर्यंत पोचली नव्हती. त्या समजावू लागल्या आणि मला गच्चीवरचे सांडगे आठवले. जाड घातले की वरून खडखडीत, पोटात ओले!

ह्या लगद्याला कॉम्पोझिट म्हणतात. तो चांदीसारखा आपोआप घट्ट होत नाही. त्यात बहुधा कॅम्फरक्विनोन नावाचं द्रव्य असतं, आपल्या कापराच्याच घराण्यातलं. निळा उजेड पडला की ते जागं होतं आणि लगदा जमतो. पण उजेड फार खोल जात नाही. म्हणून साधारण २ मिलिमीटरचा एकेक थर घालायचा आणि प्रत्येकावर दिवा धरायचा, बहुतेक २० सेकंद. जुन्या दिव्यांना ४० सुद्धा लागत. हल्ली ४ मिलिमीटरचा थर चालणारे प्रकारही निघाले आहेत, पण तेही पुरेसा उजेड मिळाला तरच. दिव्याचं टोक दाताच्या अगदी जवळ हवं. ते लांब राहिलं किंवा तिरकं झालं की तळ कच्चा.

आणि इथे माझंही थोडं चुकलंच होतं. जबडा भरून आला म्हणून मी सारखी तोंड मिटत होते; दिवा सरकणारच की! ह्या खेपेला बाईंनी दातांत रबराचा ठोकळा दिला, थुंकी लागू नये म्हणून गालात कापूस ठेवला आणि डोळ्यांवर नारिंगी चष्मा चढवला. हे काही क्ष-किरण नव्हेत, पण तो उजेड प्रखर असतो, त्याच्याकडे टक लावून बघू नये.

तुम्ही गेलात तर "थराथरानं भरणार ना?" असं बेलाशक विचारा. मी विचारलं, बाई रागावल्या नाहीत.

मी मनातल्या मनात आकडे मोजत होते, मास्तरणीची सवय! चार थर, चार वेळा वीस.

घरी आल्यावर बधिरपणा उतरेपर्यंत थांबले आणि माठातलं पेलाभर पाणी प्यायले. सासूबाई बघत होत्या.

"गेली का गं कळ?"

मी दुसरा पेला भरून घेतला.