शिपायाची खोली

नवे बिऱ्हाड करायचे म्हटले की माणूस सतरा चौकशा करतो. नळाला पाणी किती वेळ असते, शाळा जवळ आहे ना, स्टेशन चालत गाठता येते का? पोलीस चौकी जवळ आहे का, हेही एखादा सावध गृहस्थ विचारून घेतो. पण त्या चौकीतला शिपाई रात्रपाळी आटोपून कुठे जाऊन पाठ टेकतो, हे काही कोणी विचारीत नाही. वस्ती वाढली की पोलीस तिच्यामागून आपोआप उगवतात, अशी आपली भाबडी समजूत!

वास्तविक पोलिसांची जागा वस्तीच्या आधी राखून ठेवायची असते. मागाहून जमिनीला जो भाव येतो तो सरकारलाही झेपत नाही. पिंपरी-चिंचवडचेच पाहा. बघता बघता तिथे इमारतींची दाटी झाली आणि १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. आयुक्त आले, फौजफाटा आला, पण कचेरीला हक्काची जागाच नव्हती. अखेर महापालिकेच्या एका शाळेच्या इमारतीत बिऱ्हाड थाटावे लागले. शहराने घरे बांधायची आणि पोलिसांनी शाळेत बसायचे!

त्या मानाने मुंबईचे पोलीस भाग्यवान म्हणायचे. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या अमदानीत विकास खाते निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. एकेका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्या होत्या गिरणी कामगारांसाठी, पण सुरुवातीला भाड्याच्या धास्तीने कामगार तिकडे फिरकेनात आणि कितीतरी खोल्या ओस पडल्या. पुढे त्यांतल्या बऱ्याचशा पोलिसांना मिळाल्या. शिपाई कामाच्या जागेजवळ असावा, हाक मारताच हजर व्हावा, हा त्यातला हिशेब.

१६० चौरस फुटांत रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारावे. सांडशी हातातून पडता कामा नये, कुकरची शिट्टी बेतानेच व्हायला हवी. पोरांचा अभ्यास बाहेरच्या व्हरांड्यात. ‘बाबा झोपलेत’ एवढे दोन शब्द त्या घरात दिवसातून पन्नास वेळा दबक्या आवाजात उच्चारले जात. आणि तरीही लोक ती खोली सोडायला तयार नसत.

कारण खोली नोकरीबरोबर आलेली. ५८ पुरी झाली की ती परत करायची. शेजारच्या गिरणी कामगाराची भाडेचिठ्ठी बापाकडून मुलाकडे जाई. भिंत एक, नळ एक, पण पोलिसाच्या मुलाला हक्क नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या मोडीत निघाल्या, आणि चिमण्यांच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा हा फरक लाखांचा नव्हे, कोटींचा झाला. निवृत्त हवालदाराने त्या भावात जायचे तरी कुठे?

चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले. तिथे राहत आलेल्या पोलिसांनाही ५०० चौरस फुटांचे घर मालकीने द्यायचे ठरले. किंमत आधी ५० लाख, मग २५ लाख, आणि २०२२ साली १५ लाखांवर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ भाडेकरूंच्या हाती किल्ल्याही पडल्या. ज्यांनी तीन पिढ्या दबक्या आवाजात काढल्या, त्यांना मोकळ्या आवाजात बोलण्याइतकी जागा मिळाली तर कोणाच्या पोटात का दुखावे? मला तर तो न्यायच वाटतो.

पण मन तिथेच थांबत नाही. खोली एकाची झाली की ती दुसऱ्याला मिळायची नाही. यंदा भरती झालेला साताऱ्याचा किंवा बीडचा पोरगा उद्या वरळीच्या ठाण्यात हजर होईल. त्याच्यासाठी मागे काय उरले? सरकारी विहिरीतले पाणी घरोघर नेऊन दिले हे पुण्यच, पण विहिरीला पुन्हा झरा लागायला हवा. मालकीच्या प्रत्येक घरामागे एक सेवेची खोली त्याच परिसरात नव्याने उभारायला काय हरकत आहे? पोलिसांची घरे बांधण्यासाठी राज्याने १९७४ साली स्वतंत्र महामंडळ काढलेच आहे. वरळीची जमीन मात्र एकदा गेली की कुठलेही महामंडळ ती परत आणू शकणार नाही.

तोवर तो पोरगा कर्ज काढून बदलापूरला घर घेतो. बदलापूर बोरीबंदरापासून सुमारे ६८ किलोमीटर. बंदोबस्त लागला की पाळी बारा तासांची, वर जाण्यायेण्याचे चार. रात्री शेवटची गाडी चुकली तर ठाण्यातलेच बाक, आणि सकाळी तिथेच हजेरी.