नावाची जागा

हात कापू लागल्यापासून अक्षराची वेलांटी नीट येत नाही. म्हणून माझ्या जुन्या नकाशांच्या शीट्स नव्याने उतरवायचं काम या पावसाळ्यात मी एका शिकाऊ पोरीला दिलं. ती संगणकावर काढते. आठवडाभरातच तिनं विचारलं, "काका, इथं ढाणा होता. तुमच्या शीटवर का नाही?"

शीट ५५ जी मधली, गाविलगडाचा कडा. वीस-वीस मीटरचे कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा, तिथं एकमेकांना चिकटतात. १:५०,००० वर दोन सेंटिमीटरचं नाव जमिनीचा एक किलोमीटर झाकतं. कड्यावर लिहावं तर कंटूर तुटतात, दरीत लिहावं तर नाला बुजतो, सरकवावं तर नाव शेजारच्या गावाला चिकटतं. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात उलटं. सपाट रानात कंटूर इतके विरळ की नाव कुठंही मावतं आणि कुठलंच वाटत नाही. उभी हयात मी नावाला जागा शोधत राहिलो.

त्या ढाण्याला, त्या छोट्या कोरकू वस्तीला, मी जागा दिली नाही. सात झोपड्या, प्रमाणात बसत नाहीत, असं तेव्हा म्हणालो. खरं हे, की कडा फार देखणा उतरला होता आणि एकही रेघ तोडायला माझं मन धजेना. वरिष्ठांनी ती शीट सगळ्यांना दाखवली. ते कौतुक मी आजही जपून आहे.

आता उपग्रहाच्या चित्रावरून नकाशे होतात. छप्पर दिसतं, छपरावर नाव नसतं. नाव विचारायला चढावं लागतं. सिपना म्हणजे साग, हे कोरकू माणसाशी बोलल्याशिवाय कळत नाही. पण हे कुणाला सुनावायचा अधिकार मला कुठला? त्रिकोणांनी देश मोजता मोजता १८२३ साली हिंगणघाटात देह ठेवणाऱ्या सर्वेक्षक लॅम्बटनला मी गुरू मानलं. त्याच्या त्रिकोणांना शिखरं लागत, वस्ती लागत नसे. मीही शिखरंच जपली.

बोरी, कोहा, कुंड ही मेळघाटातली गावं उठून खाली अकोट तालुक्यात वसली. जुन्या शीटवर त्यांची नावं तरी सापडतात. माझ्या ढाण्याचं तेही नाही.

पोरीनं तीन कंटूर तोडून नाव बसवलं. जागा अचूक आहे. तुटलेल्या रेघा मात्र डोळ्यांना खुपतात, आणि भिंतीवर अजून माझीच शीट आहे.