सोन्याच्या सोंगट्या

बारामतीस आमच्या भाच्याच्या खोलीत आम्ही एका संध्याकाळी शिरलो, ते त्यास चार शब्द सुनवावे या हेतूने. स्वारी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात, परीक्षा तोंडावर आलेली, आणि खोलीतून तासभर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. पडद्यावर एक दांडगा दाढीवाला आपल्या मुलासह होडी वल्हवीत होता. आम्ही तोंड उघडणार, इतक्यात त्या पुरुषाच्या कमरेस लटकणारे एक छाटलेले मस्तक बोलू लागले. ते चक्क गोष्ट सांगत होते! होडी काठास लागताच मस्तकाने गोष्ट अर्ध्यावर तोडली. मंडळी पुन्हा होडीत बसली, तेव्हा जेथे सोडली होती तेथून उचलली. आम्ही खुर्ची ओढून बसलो. चार शब्द राहिले ते राहिलेच.

त्या खेळाचे नाव 'गॉड ऑफ वॉर'. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका स्टुडिओने तो २०१८ मध्ये काढला, आणि २०२२ मध्ये त्याचा उत्तरार्ध. नायक मूळचा ग्रीक. पण येथे तो उत्तरेकडच्या, नॉर्वे-आइसलंडच्या जुन्या देवांच्या मुलुखात येऊन राहिला आहे. बोलणाऱ्या मस्तकाचे नाव मीमीर. ही खेळवाल्यांची करामत असावी, अशी आमची समजूत झाली होती. पुस्तके चाळली तेव्हा ती दूर झाली. मूळ कथेत शत्रूंनी मीमीरचे शिर कापून पाठविले, आणि ओडिन या देवाधिदेवाने त्यास वनस्पती चोळून टिकविले व तो त्याचा सल्ला घेत राहिला. खेळात शिर छाटतो तो नायकच, आणि तेही मीमीरच्याच विनंतीवरून.

पण आम्हांस खरे खिळवून ठेवले ते बाल्डरच्या कथेने. हा ओडिनचा लाडका पुत्र. त्यास इजा करणार नाही, अशी शपथ त्याच्या आईने अग्नी, पाणी, लोखंड, पाषाण, रोग, सर्प अशा सर्वांकडून घेतली. एक कोवळे बांडगूळ तेवढे लहान म्हणून सोडले. त्याच बांडगुळाच्या काडीने बाल्डर मेला. इंदापूर तालुक्यातल्या माणसास ही गोष्ट परकी कशी वाटावी? नीरा आणि भीमा जेथे मिळतात, तेथे नीरा-नरसिंहपूरचा नृसिंह बसला आहे. आणि त्याची कथा तरी काय? ना दिवसा, ना रात्री. ना घरात, ना बाहेर. ना माणसाकडून, ना पशूकडून. वर मागताना हिरण्यकश्यपूने एवढी कुंपणे घातली, आणि उंबरठ्याएवढी फट राहून गेली.

खेळात बाल्डरच्या आईचा मंत्र शाप होऊन बसला आहे. त्यास काहीच लागत नाही, म्हणून अन्नाची चव नाही, ऊन-थंडी नाही, स्पर्श नाही. शेवटी तो आईचाच गळा धरतो. नायक त्यास मारून तिला सोडवितो, आणि ती सुटलेली आई सोडविणाऱ्यासच शिव्याशाप देत मुलाचे प्रेत उचलते. हे मूळ ग्रंथात कोठेही नाही. ते पाहताना आम्हांस आमच्या थोरल्या आत्याची आठवण झाली.

आत्याचे सासर जुन्या पळसदेवास, भीमेच्या काठी. उजनीचे पाणी येण्यापूर्वीच्या सुट्ट्या आम्ही तेथे घालविल्या. तिचे कुलदैवत नृसिंह. पण खांब फुटून देव प्रकटला आणि दैत्य मेला, एवढ्यावर तिची गोष्ट संपत नसे. ती कयाधूकडे वळे. मुलगा वाचला म्हणून हसावे की कुंकू पुसले म्हणून रडावे, हे न कळलेली ती बाई रक्ताने माखलेला उंबरठा धुण्यासाठी नदीवर पाणी आणावयास जाते, आणि तेथे तिला कोणी तरी भेटते. कोण भेटते, ते आम्हांस आठवत नाही. बहुधा त्या वेळेपर्यंत आम्ही झोपी गेलेलो असू. पुढे आम्ही भागवत पाहिले, कथेकऱ्यांना विचारले. हा भाग कोठेच आढळला नाही. तो आत्याचा स्वतःचा होता. आम्ही शिकलो, लिहू लागलो, मासिकांतून मिरविलो. पण तिच्यापुढे वही घेऊन बसावे, असे मात्र कधी सुचले नाही.

तिकडे आइसलंडात स्नोरी नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. तो देश इसवी सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती झाला. स्नोरीने आपला 'एड्डा' लिहिला तो १२२० च्या सुमारास. म्हणजे ज्यांना नैवेद्य दाखविणारे कोणी उरले नव्हते, अशा देवांच्या गोष्टी त्याने टिपल्या. आणि तो स्वतः ख्रिस्ती. हेतू इतकाच, की तरुण कवींना जुन्या काव्यातले उल्लेख कळावे! त्या काटेकोर गृहस्थाने ओडिनच्या दोन कावळ्यांची नावेसुद्धा गाळली नाहीत. एकाचे नाव विचार, दुसऱ्याचे स्मृती.

भक्त उरले नाहीत म्हणून ते देव कोणाच्याही हाती मोकळे सापडतात. आमच्या देवांपुढे आज पहाटेही काकडआरती झाली आहे. साहजिकच हात जपून पडतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात भावाला शोधणारी एक मुलगी लढते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगत बाजूला राहतात. खेळ देखणा आहे; पण देवाने चुकावे, पस्तावावे, असे तेथे घडत नाही. याबद्दल आम्ही कुरकुरलो, तेव्हा भाच्याने बारामतीच्याच मोरोपंतांकडे बोट दाखविले. (ते त्याने कोठे वाचले, देव जाणे.) पंतांनी रामायण शंभरावर प्रकारांनी रचले. त्यांत एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणावयाचे. 'राम' म्हणताना ओठ मिटतात. तेव्हा रामाचे नाव न घेता रामायण! "हा खेळच नाही का, मामा?" असे त्याने विचारले. आम्ही त्या घरात वडील आहोत, म्हणून गप्प राहिलो.

खेळातील सरोवरात एक महासर्प वेटोळे घालून पडला आहे. तो हलला की पाणी उतरते आणि बुडालेले घाट, दारे, मंदिरे वर येतात. हे पाहून आम्ही भाच्याजवळ पळसनाथाच्या देवळाची गोष्ट काढली. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जुने पळसदेव पाण्याखाली गेले, आणि ते हेमाडपंती देऊळ उन्हाळ्यात पाणी फार आटले म्हणजे दिसते. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी खूपच ओसरले होते. आम्ही दोघे भिगवणमार्गे गेलो. वाटेत त्याने त्या देवांचा शेवट सांगितला: लांडगा ओडिनला गिळतो, पृथ्वी समुद्रात बुडते, मग ती हिरवीगार होऊन पुन्हा वर येते, बाल्डर परत येतो, आणि उरलेल्या देवांना गवतात आपल्या जुन्या डावातील सोन्याच्या सोंगट्या सापडतात.

देवळाच्या दगडांवर वाळलेल्या गाळाची पुटे होती. आत्याचे घर कोठे असावे, हे आम्हांस दिशेवरूनही सांगता येईना. भेगाळलेल्या जमिनीवर उभे राहून आम्ही त्यास कयाधूची गोष्ट सांगितली, आणि नदीपाशी येऊन थांबलो.

"कोण भेटलं तिला?"

"आठवत नाही."

तो काही वेळ पाण्याकडे पाहत राहिला. "बाल्डरची आई भेटली असेल," तो म्हणाला. मग मान खाली घालून तो चिखलाच्या ढेपा पायाने उलटू लागला. काय हरवले, म्हणून आम्ही विचारले.

"काही नाही, मामा. सोंगट्या पाहतोय."