पॉइंट पंचेचाळीसच्या शोधात, नागदेवीच्या गल्लीत!

वीकेण्डला मॉल, मल्टिप्लेक्स, कॉफी... तेच तेच करून बोअर झालात? मग एखाद्या शनिवारी सीएसएमटीला उतरा आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालायला लागा. १८६९ सालची ती दगडी इमारत आणि तिच्यावरची लॉकवूड किपलिंगची शिल्पं बाहेरूनच बघा. आत शिरू नका. मोहम्मद अली रोड आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या मधल्या गल्ल्यांमध्ये घुसा. नागदेवी स्ट्रीट आला!

इथे विंडो शॉपिंगचा फंडाच वेगळा. शो-केसमध्ये कपडे नाहीत, बेअरिंग आहेत. पाने, पुल्या, साखळ्या, नट-बोल्टच्या गोण्या. मधूनच हातगाडीवाला ‘साइड, साइड’ करत अंगावर येतो. हवेत ग्रीसचा वास. लिपस्टिकच्या शेड्स बघाव्यात तसे लोक इथे स्क्रूचे आटे उजेडात धरून बघतात.

मी इथे आले ते एका मैत्रिणीबरोबर. ही बाई ऐरोलीत आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि रविवारी घरी जहाज बांधते. हो, जहाज! तिचे आजोबा माझगाव डॉकमध्ये फिटर होते. ब्रिटिश लिअँडर क्लासच्या डिझाइनवर तिथे बांधलेली पहिली फ्रिगेट म्हणजे आयएनएस नीलगिरी. ३ जून १९७२ ला ती नौदलात दाखल झाली, १९९६ साली निवृत्त झाली. १५ जानेवारी २०२५ ला त्याच नावाची, त्याच डॉकमध्ये बांधलेली नवी नीलगिरी दाखल झाली. टीव्हीवर ती बातमी बघून आजोबा दोन दिवस फक्त जुन्या नीलगिरीबद्दल बोलत होते. नातीने तिथेच ठरवलं, आजोबांना त्यांची बोट परत द्यायची.

स्केल १:१००. खरं जहाज ३७२ फूट, म्हणजे साधारण ११३ मीटर लांब. मॉडेल झालं १ मीटर १३ सेंटिमीटर. घरातल्या टीव्हीपेक्षा मोठं! सांगाडा, डेक, चिमणी, सगळं झालं. अडलं ते रेलिंगवर. रेलिंगचा खांब साधारण ४० मिलिमीटर जाड धरला, तर मॉडेलवर तो ०.४ मिलिमीटरचा होतो. असे दीडशेच्या आसपास खांब, आणि प्रत्येकासाठी दीड मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या डेकमध्ये एक भोक.

‘वरून चिकटवून टाक ना,’ मी म्हटलं.

‘आजोबांना एका डोळ्याने जेमतेम दिसतं गं. ते बोटांनी बघतात. नुसता चिकटवलेला खांब पहिल्या स्पर्शातच हातात येईल.’

म्हणजे प्रश्न नुसत्या शोभेचा नव्हता. भोक मोठं झालं तर खांब कलणार. लहान झालं तर तार आत जाणार नाही, आणि जोर लावला तर दहा महिने खपून बनवलेला डेक चिरणार.

दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. काउंटरमागे पांढऱ्या दाढीचे चाचा. मैत्रिणीने थेट विचारलं, ‘चाचा, सबसे बारीक ड्रिल बिट दिखाओ.’

चाचांनी बिट काढलाच नाही. उलट विचारलं, ‘छेद में जाएगा क्या?’

बॉस, इथेच अर्धं उत्तर मिळालं! आधी भोकात काय जाणार ते ठरवायचं, मग भोकाचं माप. तिने पर्समधून पितळी तारेचं वेटोळं काढलं. तार गेजवर विकली जाते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. तिची तार २८ गेजची. चाचांनी मायक्रोमीटरमध्ये पकडली, ०.३८ मिलिमीटर. ‘पॉइंट पैंतालीस लो.’ म्हणजे ०.४५ चा बिट. ०.४ का नाही? कारण तारेभोवती सुपरग्लू शिरायला थोडी जागा लागते. तारेपेक्षा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर मोठा बिट, हे सोपं गणित लक्षात ठेवा.

मापांचा घोळ मात्र इथे भारीच! मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीच झाला. तरी बाजारात आजही ‘सूत’ ऐकू येतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या जरासं आत. त्यात नंबरवाले बिट वेगळेच. ६१ ते ८० नंबरचा सेट सर्रास मिळतो. त्यात ६१ म्हणजे ०.९९ मिलिमीटर आणि ८० म्हणजे ०.३४. इथेही नंबर वाढला की माप घटतं. डोकं गरगरलं? म्हणून ‘बारीक’, ‘छोटा’ असं काही बोलायचंच नाही. सरळ मिलिमीटरमध्ये आकडा सांगायचा.

चाचांचा दुसरा प्रश्न, ‘हाथ से या मशीन से?’ तिच्याकडे पिन व्हाइस आहे, म्हणजे पेनाएवढी मूठ आणि पुढे छोटा चक. बोटांच्या चिमटीत फिरवायचं. मग कार्बाइडचे बिट बाद. सर्किट बोर्डाला भोकं पाडणारे ते जाड दांड्याचे चकचकीत बिट दिसतात सॉलिड, पण ठिसूळ असतात. हात किंचित तिरका झाला की कट्! हाताने काम करायचं तर हायस्पीड स्टीलचा, म्हणजे एचएसएसचा बिट घ्यायचा. तो थोडा वाकतो, सांभाळून घेतो.

मी वीस बिट्सच्या देखण्या सेटकडे बोट दाखवलं. चाचा हसले. सेटमध्ये प्रत्येक मापाचा एकच बिट. एवढे बारीक बिट तुटतातच. तुमचं माप तुटलं की उरलेले एकोणीस काय लोणचं घालायला? मैत्रिणीने ०.४५ चे पाच सुटे घेतले.

बाकीचं ट्रेनिंग आजोबांनी दिलं. ‘आधी पंच मार, मग ड्रिल लाव.’ प्लॅस्टिकला पंच कसला? सुईच्या टोकाने टिंब करायचं, म्हणजे बिट घसरत नाही. बिट सरळ उभा धरायचा, जोर न लावता दोन-चार वेढे द्यायचे, बाहेर काढायचा, भुसा झटकायचा, पुन्हा आत. फास्ट मशीन लावलं तर प्लॅस्टिक वितळून बिटलाच चिकटतं.

सहा रविवार गेले. दोन बिट शहीद झाले. मग एका संध्याकाळी आजोबांनी नाकापासून शेपटीपर्यंत रेलिंगवरून हळूच बोट फिरवलं. एकही खांब हलला नाही. आम्ही श्वास रोखून उभ्या. आजोबा एका जागी थांबले, बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं.

‘इथे एक खांब कमी आहे गं.’

तिने ड्रॉइंग काढून बघितलं. खरंच कमी होता!

जाणार असाल तर शनिवारीच जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. तार किंवा जे काही भोकात बसवायचंय ते सोबत न्या. आणि येताना क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या बादशाहमध्ये फालुदा मस्ट आहे! बिट मात्र गरजेपेक्षा दोन-तीन जास्तच घ्या. कुठला खांब राहिलाय ते कोणाच्या बोटाला कळेल, सांगता येत नाही.